अखेरच्या उपचारांचा कागद : भारतात ‘लिव्हिंग विल’ कसे आले

‘मी शुद्धीवर नसेन आणि बरे होण्याची आशा उरली नसेल, तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका’ अशी सूचना कोणी धडधाकट असताना लिहून ठेवली, तर भारतात ९ मार्च २०१८ पर्यंत तिला कायद्याचा काहीच आधार नव्हता. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात अशा लेखी सूचनेला मान्यता दिली. न्यायालयीन भाषेत हा ‘आगाऊ वैद्यकीय निर्देश’ आहे; लोकांच्या तोंडी मात्र ‘लिव्हिंग विल’ हेच नाव बसले. हक्क मान्य व्हायला जवळजवळ चार दशके गेली, आणि मान्य झाल्यावरही तो कागद चालेना. त्यावर सही कोणाची, तो ठेवायचा कुठे आणि ऐनवेळी तो दाखवायचा कोणाला, या वरकरणी कारकुनी प्रश्नांवर सगळे अडून राहिले.

मुळात उपचार नाकारणे आपल्याकडे नवे नव्हते. १९६६ मध्ये वि. दा. सावरकरांनी अन्न आणि औषधे थांबवून देह ठेवला. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले, तेव्हा डॉक्टर हजर होते आणि देशभरातून विनवण्या येत होत्या. त्यांनी कोणाचेच ऐकले नाही. प्रायोपवेशन आणि जैनांची सल्लेखना या परंपरांमुळे समाजाला हे समजायला अवघड नव्हते. पण या सगळ्यांत माणूस जागा होता आणि स्वतः ‘नको’ म्हणू शकत होता. अतिदक्षता विभागाने परिस्थिती बदलली. मेंदू निकामी झाला तरी छातीचा भाता यंत्रावर हलत राहू लागला, आणि ज्याने ‘नको’ म्हणायचे त्याचीच वाचा गेलेली. कागदाची गरज इथे निर्माण झाली.

अशा कागदाची कल्पना अमेरिकेतली. शिकागोचे वकील लुईस कुटनर यांनी ती १९६०च्या दशकाच्या अखेरीस मांडली. १९६९ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या विधी नियतकालिकात त्यांचा त्यावरचा लेख आला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने या विषयावर पहिला कायदा केला. भारतात हा विचार मुंबईत रुजला. संविधान सभेचे सदस्य आणि स्वतंत्र पक्षाचे नेते मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था मुंबईत स्थापन केली. १९८५ मध्ये महाराष्ट्र विधान परिषदेत एक खाजगी विधेयकही आले. मरणासन्न रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण मिळावे, एवढाच त्याचा हेतू होता. ते तडीस गेले नाही.

न्यायालयात हा विषय भलत्याच दाराने शिरला. मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाने १९८५ मध्ये महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर अंगावर रॉकेल ओतून घेतले. अपघातात त्याच्या डोक्याला मार लागलेला होता. बायकोला भाजी विकण्याची परवानगी मिळावी म्हणून तो खेटे घालत होता आणि त्याला आयुक्तांची भेट नाकारली गेली होती. काडी ओढण्याआधी त्याला पकडले आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल, गुन्हा दाखल झाला. हाच मारुती श्रीपती दुबल खटला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे पाटील यांनी १९८६ मध्ये कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. भाषणस्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्य येते, तसे जगण्याच्या हक्कात न जगण्याचाही हक्क येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९९४ मध्ये पी. रतिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी कलम ३०९ रद्दबातल ठरवून तोच निष्कर्ष काढला.

दोनच वर्षांनी ही इमारत पाडली गेली. २१ मार्च १९९६ रोजी ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण त्याच निकालात एक फट राहिली. सन्मानाने जगण्याचा हक्क नैसर्गिक मृत्यूपर्यंत टिकतो, आणि मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेल्या माणसाच्या बाबतीत ती लांबवत न राहणे हा त्या सन्मानाचा भाग असू शकतो, असे त्यात सूचित होते. पुढची सगळी वाट या फटीतून गेली. ‘मरण्याचा हक्क’ हा शब्दप्रयोग मागे पडला आणि उपचार नाकारण्याचा हक्क पुढे आला. कायदेशीरदृष्ट्या हा फरक निर्णायक आहे: प्राणघातक इंजेक्शन देणे तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे, वाद फक्त यंत्र न लावण्याचा किंवा लावलेले काढण्याचा होता.

न्यायालये शब्द तोलत असताना रुग्णालयांनी आपला मार्ग केव्हाच काढला होता. महाराष्ट्रातल्या कोणत्याही अतिदक्षता विभागात ‘डामा’ म्हटले की सगळ्यांना कळते: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणे. मोठे डॉक्टर नातलगांना बाजूला घेऊन ‘आता घरी न्या, सेवा करा’ असे सांगतात. थोरला मुलगा ‘आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशा छापील मजकुराखाली सही करतो. रुग्णवाहिकेत कोणीतरी हाताने अंबू बॅग दाबत बसतो आणि घरी उंबऱ्याच्या आत नेल्यावर ती थांबते. या सहीत रुग्णाची इच्छा कुठेच नसते. बिल किती झाले, भाऊबंदांत कोणाचे चालते, गावाकडून कोण यायचे राहिले आहे यांवर निर्णय होतो. सल्ला डॉक्टरांचाच असतो, आणि कागदावर मात्र तो डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध दाखवला जातो. डॉक्टरांना फौजदारीची भीती आणि नातलगांना बोल लागण्याची. डामाने दोघांची सोय केली.

दिल्लीच्या ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली ती नेमकी या पोकळीवर बोट ठेवून. सन्मानाने मरण्याचा हक्क मूलभूत ठरवावा आणि लिव्हिंग विल करण्याची कार्यपद्धती घालून द्यावी, अशी तिची मागणी होती. पुढच्याच वर्षी विधी आयोगाने १९६वा अहवाल दिला. मरणासन्न रुग्णाचे उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण द्यावे असे आयोगाने म्हटले, शुद्धीवरच्या रुग्णाचा नकार डॉक्टरांवर बंधनकारक मानला, मात्र आधी लिहून ठेवलेला निर्देश निरर्थक ठरवावा अशी शिफारस केली. तोंडी ‘नको’ चालेल, लेखी चालणार नाही, हा पवित्रा विचित्र होता. खोटे कागद तयार होतील ही भीती त्यामागे होती. इस्टेटीच्या इच्छापत्रांवरून न्यायालयांत वर्षानुवर्षे चालणारे दावे पाहता ती अगदीच पोकळ म्हणता येणार नाही.

याचिका पडून असताना देशाचे लक्ष परळच्या केईएम रुग्णालयाकडे गेले. तिथली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याची साखळी गळ्याला आवळून हल्ला केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा कधीच भानावर आली नाही. वॉर्ड क्रमांक ४ शेजारच्या खोलीत परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला भरवले, अंघोळ घातली, कूस बदलली. इतकी वर्षे पडून राहूनही तिला शय्याव्रण होऊ दिले नाहीत. २००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी तिची ‘निकटची मैत्रीण’ या नात्याने तिला जबरदस्तीने भरवणे थांबवावे म्हणून याचिका केली. न्यायालयाने मुंबईच्या तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीने तिला तपासून केलेले चित्रीकरण २ मार्च २०११ रोजी भर न्यायालयात पडद्यावर दाखवले गेले. युक्तिवाद करणाऱ्या वकिलांना आपण कोणाविषयी बोलतो आहोत ते त्या दिवशी दिसले.

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणाची निकटची माणसे म्हणजे तिची सेवा करणारे केईएमचे कर्मचारी, आणि त्यांना ती जगायला हवी आहे, असे न्यायालयाने मानले. पण त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीवरक्षक उपचार थांबवण्याला, देशात पहिल्यांदा परवानगी दिली. अट अशी की जवळच्या नातलगांनी किंवा डॉक्टरांनी निर्णय घ्यावा आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तीन डॉक्टरांचे मत घेऊन त्याला मंजुरी द्यावी. आई किंवा वडील व्हेंटिलेटरवर असताना वकील गाठून उच्च न्यायालयात जाणे कोणाला जमणार होते? डामा चालूच राहिला. अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. हल्ला झाला तेव्हा ती विशीत होती. तिची स्वतःची इच्छा काय होती याचा पुरावा कोणाकडेच नव्हता. खटल्यात दोन्ही बाजू तिच्या वतीने बोलत होत्या.

या निकालात एक कायदेशीर चूक होती आणि तिनेच पुढचे दार उघडले. ग्यान कौर निकालाने निष्क्रिय दयामरण मान्य केले आहे असे गृहीत धरून अरुणा निकाल उभा होता. ग्यान कौरमध्ये तर इंग्लंडच्या एका निकालाचा फक्त उल्लेख होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या पीठाने ही विसंगती दाखवली आणि कॉमन कॉजची याचिका घटनापीठाकडे सोपवली. सरकारची भूमिका या काळातही ठाम होती. विधी आयोगाच्या २०१२ मधल्या २४१व्या अहवालानंतर आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये एक मसुदा जाहीर केला. त्यातही आगाऊ निर्देश निरर्थक ठरवणारे कलम होतेच. ऑक्टोबर २०१७ मधल्या सुनावणीत केंद्राने गैरवापराचाच मुद्दा लावून धरला. मात्र त्याच वर्षी संसदेने मानसिक आरोग्यसेवा कायदा केला होता. मनोविकार झाला तर आपल्याला कोणते उपचार द्यावेत आणि कोणते देऊ नयेत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. एका दालनात आगाऊ निर्देश वैध आणि शेजारच्या दालनात निषिद्ध, ही सरकारची स्थिती बचाव करण्यासारखी राहिली नव्हती.

घटनापीठात सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्यासह न्या. सिक्री, न्या. अजय खानविलकर, न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अशोक भूषण होते. पाचशेहून अधिक पानांच्या त्या निकालात चार स्वतंत्र निकालपत्रे आहेत, पण निष्कर्ष एकमताचा. सन्मानाने मरणे हा कलम २१ चा भाग आहे. सज्ञान आणि मनाने सक्षम असलेल्या व्यक्तीला उपचार नाकारता येतात. आणि हा नकार ती आधी लिहूनही ठेवू शकते. आदल्या वर्षी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला होता, त्याचा आधार इथे मिळाला. संसद कायदा करेपर्यंत लागू राहतील अशी मार्गदर्शक तत्त्वेही न्यायालयाने स्वतःच घालून दिली.

निकालाचा सर्वाधिक वाचला गेलेला भाग हाच, आणि तो वाचून वकीलही थबकले. निर्देश लेखी हवा, कोणत्या परिस्थितीत उपचार थांबवावेत हे त्यात स्पष्ट हवे, निर्णय घेणाऱ्या पालकाचे किंवा नातलगाचे नाव हवे. तो केव्हाही मागे घेता येईल आणि एकाहून अधिक असतील तर शेवटचा ग्राह्य. इथवर ठीक. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि शिवाय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक होती. दंडाधिकाऱ्यांनी एक प्रत आपल्या कार्यालयात ठेवायची, एक जिल्हा न्यायालयाच्या निबंधकांकडे पाठवायची, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. त्या अधिकाऱ्याने ती सांभाळण्यासाठी एक अभिरक्षक नेमायचा. घरचा डॉक्टर असल्यास त्यालाही प्रत.

अंमलबजावणी याहून अवघड होती. रुग्णालयाने पहिले मंडळ नेमायचे: विभागप्रमुख आणि वैद्यकशास्त्राच्या ठरावीक शाखांतले निदान तीन तज्ज्ञ, प्रत्येकाचा किमान २० वर्षांचा अनुभव. त्यांनी होकार दिला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. जिल्हाधिकाऱ्यांनी दुसरे मंडळ नेमायचे, जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी अध्यक्ष आणि आणखी तीन तज्ज्ञ. त्यांचेही एकमत झाले की दंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णालयात येऊन रुग्णाला पाहायचे आणि मग परवानगी द्यायची. एका व्हेंटिलेटरसाठी किमान आठ डॉक्टर, एक जिल्हाधिकारी आणि एक दंडाधिकारी. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयाला हे कदाचित साधले असते. तालुक्याच्या गावातल्या दहा खाटांच्या नर्सिंग होमने वीस वर्षे मुरलेला मूत्रपिंडतज्ज्ञ आणायचा कुठून? दंडाधिकाऱ्यांपुढे आधीच खटल्यांचे ढीग. रुग्णालयाची फेरी त्यांच्या दिनक्रमात बसणारी नव्हती. हक्क मिळाला होता, पण तो वापरण्याआधी रुग्ण दगावेल अशी व्यवस्था होती. गैरवापराची भीती न्यायालयालाही होतीच, आणि तिची किंमत कागद करणाऱ्यालाच मोजावी लागली.

हे पहिल्यांदा जोखले ते अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांनी. त्यांच्या अखिल भारतीय संघटनेने, जिचे मुख्यालय मुंबईत आहे, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज करून ही प्रक्रिया पार पाडणे अशक्य असल्याचे सांगितले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने तत्त्वे बदलली. दंडाधिकाऱ्यांच्या जागी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी आला. एकाऐवजी अनेक नातलगांची नावे देता येऊ लागली, म्हणजे नाव दिलेला मुलगा परदेशात असला तरी अडणार नाही. पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ, अनुभव किमान ५ वर्षे. दुसरे मंडळही रुग्णालयानेच नेमायचे. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. जिल्हाधिकारी प्रक्रियेतून गेले. दंडाधिकाऱ्यांना उपचार थांबवण्यापूर्वी फक्त कळवायचे, त्यांच्या परवानगीसाठी थांबायचे नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाची वाट खुली राहिली. ज्यांनी काहीच लिहून ठेवलेले नाही अशा रुग्णांसाठीही हीच दोन मंडळांची पद्धत, नातलगांच्या संमतीने, लागू झाली.

मुद्रांकाच्या कागदाची अट निकालात कुठेही नाही. तरी लोक शंभर किंवा पाचशेचा कागद घेऊन नोटरीकडे जातात, कारण सरकारी शिक्क्याशिवाय कागद खरा वाटत नाही. २०२३ च्या बदलांनी प्रश्न मिटला असता. पण अभिरक्षकाची अट तशीच राहिली होती आणि बहुतेक ठिकाणी तो अधिकारी नेमलेलाच नव्हता. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी आपला निर्देश करून महापालिकेकडे दिला तेव्हा हे उघड झाले. २००८ मध्ये गर्भपाताच्या मुदतीचा प्रश्न न्यायालयात नेणारे डॉक्टर हेच. त्यांनी अभिरक्षकांच्या नेमणुकीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्य शासनाने २०२४ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत हे काम सांभाळणारे अधिकारी नेमले.

गोव्याने या बाबतीत आघाडी घेतली. ३१ मे २०२४ रोजी पर्वरी येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात झालेल्या कार्यक्रमात न्या. महेश सोनक यांनी आपला निर्देश नोंदवला. असा निर्देश नोंदवणारे ते गोव्यातले पहिले. ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू करणारे पहिले राज्यही गोवाच ठरले. ३० जानेवारी २०२५ रोजी कर्नाटकाने परिपत्रक काढून दुसऱ्या मंडळासाठी डॉक्टर सुचवण्याची आणि निर्देश सांभाळण्याची पद्धत ठरवून दिली.

केंद्रीय पातळीवर सप्टेंबर २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने उपचार थांबवण्याविषयीच्या तत्त्वांचा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला. असे निर्णय कागदोपत्री आणल्यास डॉक्टरांवरचा ताण वाढेल आणि ते कायद्याच्या कचाट्यात सापडतील, असे म्हणत इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला विरोध केला. ज्या कलम ३०९ वरून मुंबईत हा वाद सुरू झाला, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला.

कागद रुग्णालयापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न मात्र २०२३ च्या निकालाने अर्धाच सोडवला. निर्देश डिजिटल आरोग्य नोंदींत जोडण्याची मुभा त्याने दिली, ती सक्तीची केली नाही. नोंद जोडलेली नसेल तर रात्री अपरात्री अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाने असा निर्देश केला आहे हे डॉक्टरांना कळण्याचा मार्ग एकच उरतो: ज्यांची नावे त्यात लिहिली आहेत त्या नातलगांनी प्रत काढून दाखवणे. म्हणून कागद करून देणारे वकील आणि डॉक्टर आता सही झाल्यावर एक प्रत घरच्या फायलीत, एक मुलांच्या फोनमध्ये आणि एक नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवायला सांगतात, आणि नाव दिलेल्या प्रत्येकाशी त्याविषयी समोरासमोर बोलून घ्यायला.